स्प्रेच्या डब्यातून क्लिअर कोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यात रस्त्याला लागून माझं डेंटिंग-पेंटिंगचं टिनाचं शेड आहे. मोठं काम कम्प्रेसर आणि गनवर चालतं. पण घरी रंगवलेला पार्ट पोत्यात गुंडाळून आणणारे लोकही कमी नाहीत. कोणाचं आरशाचं कव्हर, कोणाचा मोटरसायकलचा साइड पॅनल, कोणाच्या बंपरचा कोपरा. रंग बरा बसलेला असतो. वरचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मात्र कुठे खरखरीत, कुठे दुधाळ, कुठे ओघळलेला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, डबाच बेकार निघाला. डबा क्वचित बेकार असतो. मारायची वेळ चुकलेली असते, नाहीतर त्याआधीची घासाई. तेच प्रश्न आणि तीच उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

क्लिअर कोट लावायलाच पाहिजे का? नुसता रंग मारून नाही चालत?

आजकालच्या बहुतेक कारवर आणि मोटरसायकलींवर रंगाचे दोन थर असतात. खालचा बेस कोट फक्त रंग देतो, मेटॅलिक असेल तर चमचम देतो. तो वाळल्यावर फिक्का, मंद दिसतो. पाहून लोक घाबरतात, पण त्यानं तसंच दिसायचं असतं. चमक येते ती वरच्या क्लिअरमुळे. ऊन, पाणी, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं तोच झेलतो.

जुन्या गाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या यांच्यावर बहुधा एकाच थराचा चकचकीत रंग असतो. ओळखायची सोपी रीत सांगतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घ्या आणि कोपऱ्यात घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर नाही. फडकं नुसतं मळकट झालं तर क्लिअर आहे.

डब्याने गॅरेजसारखी फिनिश येते का, खरं सांगा.

लहान पार्टवर येते. आरशाचं कव्हर, मडगार्ड, साइड पॅनल, डिकीचं हँडल, बंपरचा कोपरा, इथपर्यंत डबा पुरतो. बोनेट किंवा टप डब्याने करू नका. डब्याचा फवारा अरुंद असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत पहिला पट्टा सुकायला लागलेला असतो, मग दुसरा पट्टा त्यात मिसळत नाही आणि उन्हात पट्टे पट्टे दिसतात. त्यात उन्हाळ्यात तर विचारूच नका.

वन-के घेऊ का टू-के? दुकानदार म्हणते दोन्ही सारखेच.

सारखे नाहीत.

वन-के म्हणजे साधा क्लिअर. त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे पातळ ठेवणारं द्रव्य, उडून गेलं की राळ मागे राहते आणि तीच चमकते. आत कुठलीही रासायनिक जोडणी होत नाही. म्हणून वाळल्यावरही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो, आणि पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. स्वस्त आहे, तालुक्याच्या दुकानात मिळतो, उरला तर पुढच्या वेळी वापरता येतो.

टू-केच्या डब्यात हार्डनरची वेगळी पुडी आत बंद असते. बुडाशी बटण असतं. ते दाबलं की आतली पुडी फुटते, दोन्ही मिसळतात आणि तिथून घड्याळ सुरू होतं. एक-दोन दिवसात डबा आतल्या आत घट्ट होतो. नेमका वेळ डब्यावर छापलेला असतो आणि आपल्या मे महिन्यात तो आणखी कमी धरा. हा क्लिअर खरा कडक होतो, पेट्रोलला दाद देत नाही, पॉलिशला छान येतो. किंमत मात्र साध्या डब्याच्या कित्येक पट.

माझा हिशेब असा. आरशाचं कव्हर, इंटिरियरचे पार्ट, हँडल यांना वन-के पुरे. पेट्रोलची टाकी, बंपर आणि कायम उन्हात राहणाऱ्या पार्टला टू-के. आणि टू-केचं बटण दाबण्याआधी दोन-तीन पार्ट घासून, रंगवून तयार ठेवा. एका आरशासाठी डबा फोडला तर निम्मे पैसे हवेत गेले.

टू-केला मास्क लागतोच का? आम्ही दुपट्टा बांधतो.

लागतोच. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे थोड्या वासानेही त्रास होतो. दुपट्टा, रुमाल किंवा कोरोनातला एन-९५ यातलं काहीही वाफ अडवत नाही. कार्बनच्या डब्या लावलेला रबरी मास्क घ्या, वाफेसाठीचा आहे असं विचारूनच घ्या. सोबत चष्मा आणि हातमोजे. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही, कडेने वाफ आत शिरते. काम उघड्या जागेत करा आणि पोरांना, म्हाताऱ्यांना दूर ठेवा.

हे सामान जमत नसेल तर वन-केच वापरा, मी वाईट म्हणणार नाही. पण वन-केलाही उघडी हवा पाहिजे. डब्यातला गॅस पेट घेणारा असतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीशी साचतो. चूल, बिडी, देवाजवळचा दिवा, काहीही जवळपास नको.

दिवसाच्या कोणत्या वेळी मारायचा?

सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो आणि सगळ्यात कमी लोक हे विचारतात. डब्यावर साधारण २० ते २५ अंश तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे असे दिवस बोटावर मोजण्याइतके. मग ऋतू पाहून वेळ काढावी लागते.

उन्हाळ्यात, एप्रिलपासून नवतपा (मे-जूनच्या सांध्यावरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत, सकाळी ६ ते ८ एवढाच वेळ समजा. चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर इथे पारा ४५च्या पुढे जातो, आणि टिनाखाली तर त्याहून जास्त. एवढ्या गरम हवेत फवाऱ्याचा थेंब पार्टवर पोचायच्या आधीच त्यातलं सॉल्व्हंट उडतं. थेंब अर्धा सुकून पडतो आणि पसरत नाही. हात लावला की वाळूसारखं लागतं. पत्रा तापलाय का हे पाहायला तळहात ठेवा. पाच सेकंद सहज टिकला तर मारा, चटका बसला तर सावलीत ठेवून चहा पिऊन या. संध्याकाळी हवा निवते खरी, पण चिलटं उठतात, त्यामुळे मी सकाळच धरतो.

पावसाळ्यात उघाड पडायची वाट पाहायची. सलग दोन दिवस ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारी ११ ते ३ मध्ये मारा. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं. आकडा ६५-७०च्या वर असेल तर डबा हातात घेऊ नका. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातलं मीठ पाहा. ओलं, गोळा झालेलं असेल तर आजचा दिवस गेला.

हिवाळा सगळ्यात चांगला, पण सकाळी नाही. पहाटेचं दव पत्र्यावर बसतं, ते डोळ्याला दिसत नाही आणि क्लिअर त्याच्यावर पडतो. ११च्या पुढे मारा, आणि ४च्या आत सगळे हात संपवा, म्हणजे थंडी पडेपर्यंत वरचा थर सुकलेला असतो. थंडीत डब्यातला माल घट्ट होतो आणि दाबही कमी येतो, त्यामुळे मोठे मोठे थेंब पडतात. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. बोट सहज बुडवता येईल इतकंच कोमट. चुलीजवळ, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही. डबा ५० अंशांच्या वर गेला तर फुटू शकतो. हाच नियम मे महिन्यात उलट बाजूने लागतो. उन्हात बंद कारमध्ये किंवा टिनाच्या शेडमध्ये माळ्यावर डबे ठेवू नका. माझे डबे उन्हाळाभर घरात, माठाच्या शेजारी असतात.

कूलरसमोर मारला तर चालते का? गरम होत नाही.

नका बाप्पा. कूलरची हवा ओली असते, कधी कधी बारीक थेंबही फेकते, आणि वाळ्याच्या जाळीतला कचरा थेट पार्टवर येतो. पंखाही बंद ठेवा.

कितीही झाडलं तरी धूळ बसतेच. काय करू?

आपल्या भागात धूळ शून्य होत नाही. कमी मात्र होते. काम सुरू करायच्या अर्धा तास आधी शेडच्या जमिनीवर सडा टाका. मातीची जमीन ओली झाली की पायाने उडत नाही. पावसाळ्यात मात्र सडा नको, तेव्हा ओलावाच शत्रू आहे. सडा टाकल्यावर पुन्हा झाडू मारू नका. झाडूने उडालेली धूळ पुढचा अर्धा तास हवेत तरंगत असते.

कपड्यांचंही तेच. लोकरी स्वेटर आणि बनियनचे तंतू सगळ्यात जास्त पडतात. पुसायला गॅरेजमधलं सुताचं वेस्ट किंवा जुनी सुती साडी वापरू नका, मायक्रोफायबरचं फडकं वापरा. शेवटचा हात मेणाच्या चिकट फडक्याने फिरवा. पेंटच्या दुकानात त्याला टॅक क्लॉथ म्हणतात. तो अलगद फिरवायचा. दाबून घासला तर त्याचं मेण पार्टवर उतरतं.

आता हंगामाचं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचा हडंबा (मळणीयंत्र) शेजारच्या वावरात चालू असेल तर त्या दिवशी काम ठेवू नका. कापसाच्या दिवसात जिनिंगकडून (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडून) येणाऱ्या वाऱ्याकडे पाहा. एका डिसेंबरात मी एक पांढरा बंपर मारला आणि बाहेर वाळत ठेवला. दोन तासांत त्याला अशी लव आली, जणू ससाच. सगळं घासून पुन्हा. तेव्हापासून वारा कुठून येतो ते आधी पाहतो, त्यासाठी मुठीतून चिमूटभर राख सोडली तरी कळतं.

लहान पार्टसाठी मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या. त्याच्या आतून पाणी मारा आणि वाळू द्या, मग पार्ट त्यात उभा ठेवा, समोरची एक बाजू उघडी. टीव्हीचा किंवा फ्रिजचा खोका असेल तर उत्तमच. किडा बसलाच तर ओल्या क्लिअरमधून ओढून काढू नका. सुकू द्या, मग सँडपेपरने घासा. ओल्यात चिमटा घातला की एका ठिपक्याचा रुपयाएवढा डाग होतो.

क्लिअरच्या आधी घासायचं किती? कोणत्या नंबरचा पेपर?

पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली असेल तर ती २४० आणि ३२० ने सपाट करा. त्यावर प्रायमर. प्रायमर वाळला की ६०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले की पेपर अडकत नाही. हाताला काचेसारखं गुळगुळीत लागायला हवं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून बोटं फिरवा. खळगा बोटाला आधी कळतो. क्लिअर काही लपवत नाही. खालची ओरखड क्लिअरनंतर दुप्पट दिसते, आणि हे ऐकून लोक मान डोलावतात आणि तरी ४०० वर थांबतात.

मग बेस कोटचे दोन-तीन हलके हात. बेस कोटला घासू नका, विशेषतः मेटॅलिकला. घासलं की आतले चमकीचे कण वाकडे होतात आणि डाग पडतो. बेस पूर्ण मंद दिसायला लागला, साधारण २० ते ३० मिनिटांनी, की क्लिअर सुरू करा. एका दिवसापेक्षा जास्त थांबला तर क्लिअर नीट धरत नाही. नक्की वेळ ज्या त्या डब्यावर पाहा.

बोअरच्या पाण्याने घासत असाल तर ते पार्टवर उन्हात सुकू देऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि त्यावर क्लिअर बसतो. शेवटची धुलाई पावसाच्या साठवलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याने करा.

माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले. हे काऊन होते?

तेल. नाहीतर सिलिकॉन. क्लिअर त्या जागेवरून मागे सरकतो आणि गोल खड्डा राहतो. डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश, मेणाचं पॉलिश, गंज सोडवायचा स्प्रे, हे नेहमीचे गुन्हेगार. आणि आपल्याकडचा खास म्हणजे डोक्याचं तेल. सकाळी तेल चोपडलं, कपाळावरून हात फिरवला आणि त्याच बोटांनी पार्ट उचलला. ठसे दिसत नाहीत, क्लिअर मारला की पाचही बोटं उमटतात.

पेट्रोल किंवा रॉकेलने पुसायची सवय सोडा, त्याचीच पातळ चिकट परत मागे राहते. घासायच्या आधी साबणाने धुवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. दोन फडकी ठेवा, एक ओलं, एक कोरडं. ओल्याने लावायचं आणि सुकायच्या आत कोरड्याने उचलायचं. बेस कोट मारल्यावर मात्र अल्कोहोल लावू नका, तो उकलतो.

पहिल्या हातात डोळे दिसले तर तिथेच थांबा. त्यावर जास्त ओतलं की भरेल असं वाटतं, भरत नाही. पूर्ण सुकू द्या, घासा, पुन्हा पुसा आणि अगदी धुक्यासारखे दोन-तीन कोरडे हात देऊन मग ओला हात द्या.

प्लास्टिकच्या बंपरवरून क्लिअर सालीसारखा निघून येते. कसं करू?

बंपरच्या आतल्या बाजूला पाहा, प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. पीपी लिहिलेलं असेल तर त्यावर साधा प्रायमर धरत नाही. आधी प्लास्टिक प्रायमर किंवा अॅडहेशन प्रमोटरचा पातळ हात लागतो. आरशाची कव्हरं बहुधा एबीएसची असतात, त्यांना इतका त्रास नाही. नव्या बंपरवर साच्यातून निघताना लागलेलं तेल असतं, म्हणून नवा असला तरी आधी धुवाच.

डबा किती लांब धरायचा, किती हात मारायचे?

एक वीत लांब, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. जवळ धरला तर ओघळ, लांब धरला तर कोरडी खरखर. हात मनगटातून हलवू नका. मनगट हललं की मधे जवळ आणि कडेला लांब होतं. खांद्यापासून हलवा, पार्टला समांतर, लिंपताना जसा हात सरळ जातो तसा. बटण पार्टच्या बाहेर दाबायचं आणि बाहेर गेल्यावरच सोडायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

त्याआधी डबा हलवा. गोळी खडखडायला लागल्यावर मोजायला सुरुवात, आणि तिथून पूर्ण दोन मिनिटं. लोक वीस सेकंद हलवून सुरू करतात. मधे मधेही हलवत राहा. पहिला फवारा कागदावर काढा, नोझल थुंकत असेल तर तिथेच कळेल.

पहिला हात अगदी हलका, पार्टवर धुकं बसल्यासारखा, खालचं दिसत राहायला हवं. दहा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात पाच-सात पुरे, पावसाळ्यात पंधरा-वीस. मग दोन ओले हात. ओला म्हणजे काय, तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात सलग दिसतं. प्रतिबिंब तुटक दिसलं की हात कोरडा पडतोय, अजून थोडं सावकाश जा. प्रतिबिंब जाड होऊन लोंबायला लागलं की वेग वाढवा. पूर्ण काम या प्रतिबिंबाकडे बघत करायचं, डब्याकडे नाही. म्हणून उजेड समोरून नको, बाजूने तिरपा घ्या.

मारत असताना डबा हाताला गार लागतो, आतला गॅस उडताना उष्णता ओढून घेतो. गार झाला की दाब उतरतो आणि थेंब मोठे होतात. दोन डबे घेऊन आलटून पालटून वापरा, मोठ्या पार्टला तर नक्की.

संत्र्याच्या सालीसारखं झालं, काय चुकलं?

या दोषाचं नावच गॅरेजमध्ये ऑरेंज पील आहे, आणि वरुड-मोर्शी-काटोलच्या संत्रापट्ट्यातल्या माणसाला साल म्हणजे काय ते मी काय समजावणार! थेंब पडले, पण एकमेकांत मिसळून सपाट व्हायच्या आधी सुकले. कारणं तीनच. हवा फार गरम, डबा फार गार, किंवा हात फार लांब अन् घाईचा. बहुतेकदा ऊन.

थोडी साल कंपनीच्या रंगावरही असते. शोरूमच्या नव्या गाडीच्या दारात ट्यूबलाइट पाहा, कडा जराशी थरथरते. शेजारच्या पार्टवर साल आहे आणि तुमचा पार्ट काचेसारखा सपाट केला, तर तोच वेगळा दिसेल. तेवढी राहू द्या.

ओघळ आला तर?

हात लावू नका. पूर्ण कडक होऊ द्या, वन-केला आठवडाभर. मग लाकडाच्या तुकड्यावर १०००चा वॉटर पेपर गुंडाळून फक्त ओघळाचं डोकं घासा, आजूबाजूला चिकटपट्टी लावून. नंतर १५००, २०००, पॉलिश. उभ्या पार्टवर ओघळ जास्त येतो, आडवा ठेवला तर कमी, पण आडव्यावर धूळ जास्त. मी थोडा तिरपा ठेवतो.

पावसाळ्यात मारला तं दुधासारखा पांढरा पडला. मले वाटलं डबा जुना असंल.

डबा नवाच असेल. सॉल्व्हंट उडताना पार्टचा वरचा थर गार होतो. हवा दमट असली की त्या गार थरावर वाफ जमते, थंड लोट्याला बाहेरून पाणी सुटतं तशीच, आणि ती क्लिअरमध्ये अडकते. झाक फिकी असेल तर कोरड्या, उन्हाच्या दिवशी त्यावर क्लिअरचा एक हलका हात द्या. नव्या सॉल्व्हंटने थर सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बरेचदा झाक जाते. नाही गेली तर घासून पुन्हा करणं आलं. हेअर ड्रायर लांबून फिरवला तरी कधी कधी सुधारतं.

जुन्या रंगावर क्लिअर मारला आणि सगळ्याला सुरकुत्या पडल्या.

खाली ऑइल पेंट असणार. दारा-खिडक्यांचा एनॅमल गाडीला लावायची पद्धत आपल्याकडे जोरात आहे, ट्रॉलीला तर सर्रास. त्यावर लॅकर क्लिअर, म्हणजे आपला वन-के, पडला की सॉल्व्हंट खालच्या थराला फुगवतो. शंका असेल तर आधी कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन लपलेल्या कोपऱ्यात दाबून धरा. रंग सुरकुतला किंवा सुटला तर तो थर पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. याला शॉर्टकट नाही, मी शोधून पाहिला.

पॉलिश कधी आणि कसं?

वन-केला उन्हाळ्यात आठ दिवस, पावसाळ्यात पंधरा. टू-केला साधारण एक-दोन दिवस. ओळखायचं नाकाने. पार्टला नाक लावून सॉल्व्हंटचा वास आला तर अजून कच्चा आहे. कच्च्यावर पॉलिश मारलं तर त्या दिवशी सुंदर दिसतं, महिन्याने थर आणखी बसतो आणि घासाईच्या रेषा वर येतात.

सुरुवात २०००च्या वॉटर पेपरने, साल जास्त असेल तरच १५००ने. मग ३०००. पाणी भरपूर, दाब कमी. पाणी दुधाळ येतं ते क्लिअरचं. रंगीत यायला लागलं की तुम्ही क्लिअरच्या खाली उतरलात, थांबा. कंपनीच्या गाडीवरचा क्लिअरसुद्धा साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षा बारीक. डब्याच्या दोन-तीन हातांत फार घासायला जागाच नसते. कडा आणि टोकं आधी उडतात, तिथे घासायच्या आधी चिकटपट्टी लावून ठेवा आणि शेवटी एकदाच हलका हात फिरवा.

घासल्यावर पार्ट पूर्ण मंद, राखाडी होतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. रबिंग कंपाउंडने चमक परत येते. हाताने करायला वेळ लागतो, पण लहान पार्टला हातच बरा. ड्रिलला स्पंज लावून फुल स्पीडने फिरवणारे पाहिलेत, वन-के तापला की चिकटून ओढला जातो.

मोटरसायकलच्या टाकीला वन-के मारला तर काय होईल?

सुरुवातीच्या दिवसांत एका नातेवाइकाच्या टाकीला मी मारून दिला होता. चकाचक. चार दिवसांनी पंपावर भरताना थोडं पेट्रोल ओघळलं आणि त्याने घाईत फडक्याने पुसलं. फडक्यासोबत क्लिअर आणि थोडा रंगही आला, मधोमध गुळासारखा चिकट पट्टा. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेही वन-केला मऊ करतं. टाकीला टू-केच. नाहीतर गनने करून घ्या.

सायलेन्सरला?

साधा क्लिअर पिवळा पडून करपतो. उष्णतेला टिकणारा वेगळा डबा मिळतो, तोही मंदच दिसतो. सायलेन्सरला चमक पाहिजे असेल तर क्रोम करा.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर क्लिअर चालतो का?

चालतो, आणि नुसत्या टूथपेस्ट-पॉलिशपेक्षा जास्त टिकतो. हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. कंपनीने त्यावर उन्हापासून वाचवणारा थर दिलेला असतो, तो उडाला की पिवळेपण येतं. ८००, १५००, २००० असं घासा, अल्कोहोलने पुसा आणि अतिनील किरणांना अडवणारा क्लिअर मारा, हेडलाइटसाठीचाच असेल तर उत्तम. थिनरने पुसू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. पहिला हात ओला देऊ नका, त्याच कारणाने.

पार्टचा अर्धाच भाग रंगवला, क्लिअरची रेघ दिसते.

क्लिअर अर्ध्यात संपवू नका. रंग अर्ध्यात विरवता येतो, क्लिअर मात्र पार्टच्या कडेपर्यंत किंवा नैसर्गिक घडीपर्यंत न्या. जुन्या क्लिअरवर चढवायचा तो भाग आधी १०००ने मंद करून घ्या, नाहीतर काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो.

रंग बदलला तर कागदाची भानगड आहे का?

त्याच रंगात दुरुस्ती केली तर काही नाही. गाडीचा रंगच बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, आरटीओत जाऊन.

गाडी धुवायची कधी? मेण कधी?

आठवडाभर पाणी नको, उन्हात बोअरचं पाणी तर मुळीच नको. मेणाचं पॉलिश महिन्यानंतर. कडुनिंबाखाली सावली चांगली, पण पाखरं बसतात. विष्ठा पडली की भिजवून काढा, खरवडू नका. कपाशीवर फवारणी चालू असेल तर गाडी धुऱ्यापासून (शेताच्या बांधापासून) दूर लावा, नव्या क्लिअरला औषधाचे थेंब डाग पाडतात.

उरलेल्या डब्याचं काय?

वन-केचा डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दोन-तीन सेकंद दाबा, नोझल साफ राहतं. टू-केचा उरत नाही, कितीही जीव तुटला तरी. रिकामा डबा पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) ढिगाऱ्यात टाकून पेटवू नका, फुटून उडतो. भंगारवाल्याला द्या आणि रिकामा आहे की नाही ते त्याला सांगून द्या.

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला हाच क्लिअर चालतो का?

दरवर्षी श्रावण संपत आला की हा प्रश्न येतोच. चालतो, वन-के घ्या. लाकूड आधी २२० ने घासा, सीलरचा एक हात द्या, नाहीतर लाकूड सगळा क्लिअर पिऊन टाकतं. शिंगांना आणि डोळ्यांना ऑइल पेंट लावला असेल तर वर सांगितलेल्या सुरकुत्या इथेही पडतात, म्हणून अॅक्रिलिक रंग वापरा. पोळा पावसाळ्यातच येतो, त्यामुळे उघाड मिळाली की लगेच करा, आदल्या रात्री नाही. लहान लेकरू तोंडात घालतं, तर निदान आठ दिवस वाळू द्या आणि देण्याआधी नाकाला लावून पाहा.